वर्डमधले मॅक्रो: कुठे राहतात, कसे सांभाळायचे आणि नको झाले की मुळापासून कसे काढायचे

मॅक्रो डिलीट केला, फाईल सेव्ह केली, वर्ड बंद केलं, परत उघडलं तर तो मॅक्रो आहे तिथेच. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकलीये की आता समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच मी विचारते, "अगं पण कुठला डिलीट केलास? म्हणजे कुठे ठेवलेला?" सगळी गोम तिथेच आहे. मॅक्रो काढणं हे दोन क्लिकचं काम आहे, पण तो राहतो कुठे हेच माहीत नसेल तर ते दोन क्लिक भलत्याच ठिकाणी पडतात, आणि मग कधी नको असलेला तसाच राहतो तर कधी हवा असलेला जातो. म्हणून या लेखात डिलीटच्या बटणापेक्षा पत्ता शोधण्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. तेवढं नीट वाचा, पुढचं सगळं सोपं जाईल.

मॅक्रो म्हणजे नेमकं काय

अगदी नवीन असाल तर एवढंच लक्षात घ्या की मॅक्रो म्हणजे वर्डला एकदा शिकवून ठेवलेली कामांची मालिका. समजा तुम्हाला रोज येणाऱ्या मजकुरातल्या डबल स्पेस काढायच्या असतात, फॉन्ट बदलायचा असतो, मार्जिन ठरावीक ठेवायचं असतं, तर हे एकदा रेकॉर्ड करायचं आणि नंतर एका शॉर्टकटवर सगळं आपोआप. व्ह्यू टॅबमध्ये अगदी उजवीकडे मॅक्रोज असं बटण असतं, त्याच्या खालच्या बाणावर क्लिक केलं की रेकॉर्ड मॅक्रो दिसतं. रेकॉर्ड करताना माऊसने मजकूर सिलेक्ट करता येत नाही, शिफ्ट आणि बाणांच्या कीज वापराव्या लागतात, इथे नवीन लोक हमखास अडकतात आणि त्यांना वाटतं वर्ड बिघडलं. बिघडलेलं नसतं, ते तसंच आहे.

आतमध्ये हे सगळं व्हीबीए नावाच्या भाषेत लिहिलं जातं. वर्ड ९७ पासून वर्डमध्ये हीच भाषा आहे, त्याआधी वर्डबेसिक होती. तुम्हाला ती भाषा यायला हवी असं अजिबात नाही, पण ती आहे आणि ती खरीखुरी प्रोग्रामिंगची भाषा आहे हे डोक्यात असू द्या, कारण मॅक्रो फक्त फॉन्ट बदलतो असं नाही, तो फाईली उघडू शकतो, पुसू शकतो, मेलसुद्धा पाठवू शकतो. काळजी घ्यायला सांगतात ती यासाठी.

आता पत्ता: मॅक्रो राहतात कुठे

ठिकाणं मुळात चार आहेत.

पहिलं म्हणजे ती फाईल स्वतः. नव्या वर्डमध्ये ज्या फाईलीत मॅक्रो असू शकतात तिचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी बिंदूनंतर येणारा तुकडा, डॉकएम असतं, आणि साध्या डॉकएक्स फाईलीत मॅक्रो राहूच शकत नाहीत. हा फरक वर्ड २००७ पासूनचा आहे. त्याआधीची जी जुनी डॉक फाईल, तिच्यात मात्र मॅक्रो असेल की नसेल हे नावावरून कळत नाही, म्हणून जुन्या डॉक फाईलींकडे मी कायम जरा संशयानेच बघते.

दुसरं ठिकाण म्हणजे नॉर्मल टेम्प्लेट, फाईलचं नाव नॉर्मल डॉट डॉटएम. टेम्प्लेट म्हणजे ज्याच्यावरून नवीन डॉक्युमेंट बनतं ती नमुन्याची फाईल. हे वर्डचं घरचं टेम्प्लेट, वर्ड उघडलं की हे उघडतंच, त्यामुळे यातले मॅक्रो प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये दिसतात. रेकॉर्ड करताना तुम्ही काही बदललं नाहीत तर मॅक्रो इथेच येऊन बसतो, आणि "डिलीट करूनही परत दिसतो" या तक्रारीतले बहुतेक मॅक्रो इथले असतात, कारण माणूस फाईल साफ करत बसतो आणि मॅक्रो फाईलीत नसतोच.

तिसरं, डॉक्युमेंटला जोडलेलं वेगळं टेम्प्लेट. ऑफिसमध्ये कुणीतरी लेटरहेडचं टेम्प्लेट बनवलेलं असतं, त्यावरून तुम्ही पत्र केलंत, तर तुमची फाईल साधी डॉकएक्स असली तरी त्या टेम्प्लेटमधले मॅक्रो तिच्यात चालू शकतात. आणि चौथं, वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये पडलेली टेम्प्लेटं किंवा ॲड-इन (वर्डला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं), जी वर्ड सुरू होताना न विचारता लोड होतात. एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना हे गुपचूप आलेलं असतं बऱ्याचदा.

काही उडवायच्या आधी कॉपी

हा भाग कृपा करून सोडू नका. वर्डमध्ये डिलीट केलेला मॅक्रो कंट्रोल झेडने परत येत नाही. मी एकदा घाईघाईत नॉर्मल टेम्प्लेटच उडवलं होतं, एक त्रासदायक मॅक्रो जाईना म्हणून, आणि त्याच्यासोबत दोन वर्षं जमवलेले माझे सगळे शॉर्टकट, ऑटोटेक्स्ट, स्टाईल्स गेल्या. मॅक्रो गेला हे खरं, पण पुढचे कित्येक दिवस मी हाताने तेच तेच टाईप करत होते, आणि त्या दिवसापासून आधी कॉपी हा माझा नियमच झाला.

कॉपी कशी करायची? विंडोज की आणि आर दाबा, छोटी रनची खिडकी येईल, तिच्यात परसेंटचं चिन्ह, मग सलग ॲपडेटा हा शब्द, परत परसेंटचं चिन्ह असं इंग्रजीत टाईप करून एंटर मारा. जो फोल्डर उघडेल त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स, आणि तिथे नॉर्मल डॉट डॉटएम बसलेली दिसेल. वर्ड पूर्ण बंद करून तिची कॉपी दुसरीकडे ठेवा, नावात तारीख घाला. झालं, एक मिनिटाचं काम.

अजून एक सेटिंग आहे जे फार कमी लोकांना माहीत असतं. फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि खाली सेव्ह या भागात "प्रॉम्प्ट बिफोर सेव्हिंग नॉर्मल टेम्प्लेट" अशी एक चौकट असते, तिच्यावर टिक करा. मग नॉर्मलमध्ये काही बदल झाला असेल तर वर्ड बंद होताना विचारतं, सेव्ह करू का. चुकून भलताच मॅक्रो डिलीट झाला असेल तर तिथे नाही म्हणायचं, आणि परत उघडल्यावर तो जागेवर असतो. शिवाय तुम्ही काहीच केलेलं नसताना वर्ड हा प्रश्न विचारायला लागलं तर कुणीतरी, बहुतेक एखादं ॲड-इन, तुमच्या नॉर्मलमध्ये ढवळाढवळ करतंय हेही कळतं.

साधा रस्ता: ऑल्ट आणि एफ ८

आता काढायला सुरुवात करू. ज्या डॉक्युमेंटमध्ये मॅक्रो दिसतो ते उघडा आणि ऑल्ट धरून एफ ८ दाबा (लॅपटॉपवर कधी कधी एफएन पण धरावी लागते), किंवा व्ह्यूमधून मॅक्रोज, व्ह्यू मॅक्रोज असं जा. यादी येईल. पण लगेच डिलीटवर जाऊ नका, त्या खिडकीत खाली "मॅक्रोज इन" अशी एक पट्टी आहे तिच्याकडे बघा, पत्ता तिथेच लिहिलेला असतो. सुरुवातीला तिच्यात सगळी चालू टेम्प्लेटं आणि डॉक्युमेंटं असं असतं, म्हणजे सगळ्यांची खिचडी एकाच यादीत, कुठला कुणाचा ते कळत नाही. तर:

१. त्या पट्टीत आधी तुमच्या डॉक्युमेंटचं नाव निवडा. मॅक्रो यादीत राहिला का? राहिला तर तो फाईलीतला.
२. नाही राहिला तर नॉर्मल डॉट डॉटएम निवडा आणि परत बघा.
३. तिथेही नसेल तर पट्टीत अजून जी नावं दिसतायत, म्हणजे जोडलेलं टेम्प्लेट वगैरे, ती एकेक करून बघा.
४. सापडला की नावावर क्लिक, डिलीट, आणि विचारेल त्याला होय.
५. मग डॉक्युमेंट सेव्ह करा. मॅक्रो नॉर्मलमधला होता तर वर्ड पूर्ण बंद करा म्हणजे नॉर्मल सेव्ह होईल.

पट्टीत "वर्ड कमांड्स" असाही एक पर्याय आहे आणि तो निवडला की शेकड्यांनी नावं दिसतात, ते बघून घाबरू नका. ते मॅक्रो नाहीतच, वर्डच्या स्वतःच्या आज्ञा आहेत, आणि डिलीटचं बटण तिथे चालतच नाही.

डिलीट बटण राखाडी दिसत असेल तर दोन कारणं असतात सहसा: एक तर तुम्ही वर्ड कमांड्समध्ये आहात, नाहीतर मॅक्रो स्टार्टअपमधून लोड झालेल्या टेम्प्लेटमध्ये आहे आणि ते टेम्प्लेट स्वतः उघडल्याशिवाय त्यात बदल करता येत नाही. त्याचं पुढे सांगते.

ऑर्गनायझर

त्याच खिडकीत ऑर्गनायझर नावाचं बटण आहे. ते दाबलं की दोन याद्या शेजारी शेजारी येतात, एका बाजूला तुमचं डॉक्युमेंट, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. इथून कॉपी करता येतं, नाव बदलता येतं, डिलीट करता येतं. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, इथे सुटे मॅक्रो दिसत नाहीत, मॉड्यूल दिसतात. मॉड्यूल म्हणजे मॅक्रो ठेवायची पेटी समजा. तुम्ही रेकॉर्ड केलेले सगळे मॅक्रो वर्ड "न्यूमॅक्रोज" नावाच्या एकाच पेटीत टाकत जातं, त्यामुळे ऑर्गनायझरमधून न्यूमॅक्रोज डिलीट केलं की आजवर रेकॉर्ड केलेलं सगळंच्या सगळं जातं, एकच काढायचा असेल तर ही जागा नव्हे. उलट पूर्ण साफसफाई करायची असेल तर याच्याइतकं पटकन दुसरं काही नाही. याद्यांच्या खाली क्लोज फाईल बटण असतं, ते दाबलं की त्याचंच ओपन फाईल होतं, त्यातून तिसरीच एखादी फाईल उघडून तिची पेटीसुद्धा काढता येते.

यादी रिकामी, तरी वर्ड म्हणतं मॅक्रो आहे

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ऑल्ट एफ ८ च्या यादीत सगळे मॅक्रो दिसत नाहीत! कोड लिहिणाऱ्याने मॅक्रोला प्रायव्हेट असं लिहिलं असेल, किंवा मॅक्रो चालायला बाहेरून काही माहिती द्यावी लागत असेल, तर तो यादीत येतच नाही. आणि डॉक्युमेंट उघडताक्षणी आपोआप चालणारा जो कोड असतो तो बऱ्याचदा असाच प्रायव्हेट असतो. म्हणजे यादी रिकामी आहे म्हणून फाईल स्वच्छ आहे असं अजिबात धरून चालू नका.

खरं बघायचं तर ऑल्ट आणि एफ ११ दाबा, व्हीबीए एडिटर उघडेल. दिसायला जरा जुनाट आणि किचकट वाटेल पण आपल्याला फक्त डावीकडची झाडासारखी यादी हवी, ती दिसत नसेल तर कंट्रोल आर. तिच्यात नॉर्मल दिसेल, तुमच्या डॉक्युमेंटचं प्रोजेक्ट, म्हणजे त्या फाईलीतला सगळा कोड, दिसेल, आणि जोडलेली टेम्प्लेटं असतील तर तीही. प्रत्येकाच्या समोरचं अधिकचं चिन्ह दाबून आत बघा. मॉड्यूल्स असा फोल्डर असेल तर त्यातल्या पेटीवर डबल क्लिक केलं की उजवीकडे कोड दिसतो. प्रत्येक मॅक्रो "सब" असलेल्या ओळीने सुरू होतो (प्रायव्हेट असेल तर "प्रायव्हेट सब") आणि "एन्ड सब" ने संपतो, त्यामुळे एकच काढायचा असेल तर ती पूर्ण ओळ धरून एन्ड सबपर्यंत सिलेक्ट करून डिलीट करा, बस. पूर्ण पेटीच काढायची तर तिच्यावर राईट क्लिक करून रिमूव्ह म्हणा. तेव्हा वर्ड विचारतं, काढायच्या आधी एक्सपोर्ट करू का, तर थोडीशीही शंका असेल तर होय म्हणा, बीएएस एक्स्टेन्शनची छोटीशी फाईल तयार होते, पुढे कधी लागलंच तर इम्पोर्टने परत आणता येतं.

आणि "धिस डॉक्युमेंट" नावाची जी ओळ असते तीही उघडून बघाच. ती काढता येत नाही, पण तिच्यात कोड असू शकतो, आणि लपलेला कोड असण्याची शक्यता तिथेच जास्त. आत काही लिहिलेलं असेल आणि नको असेल तर सगळा मजकूर पुसा आणि सेव्ह करा.

काही नावं ओळखून ठेवा. ऑटोएक्झेक हा वर्ड सुरू होताना चालतो, ऑटोओपन फाईल उघडताना, ऑटोन्यू नवीन फाईल करताना, ऑटोक्लोज बंद करताना, ऑटोएक्झिट वर्डमधून बाहेर पडताना. यातलं नाव दिसलं आणि तुम्ही स्वतः लिहिलेलं नसेल तर कोड नीट बघितल्याशिवाय सोडू नका. दुसरा प्रकार याहून फसवा आहे: मॅक्रोचं नाव वर्डच्या एखाद्या आज्ञेसारखंच ठेवलं, उदाहरणार्थ फाईलसेव्ह किंवा फाईलप्रिंट, तर वर्ड स्वतःचं काम सोडून तो मॅक्रो चालवतं. कंट्रोल एस दाबल्यावर भलतंच काही होत असेल, सेव्हच्या जागी वेगळीच खिडकी येत असेल तर हे आधी तपासा. कधी कधी हे चांगल्या हेतूनेही केलेलं असतं, ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये ठरावीक नावानेच फाईल सेव्ह व्हावी म्हणून, तेव्हा पुसायच्या आधी ज्याने बनवलं त्याला विचारलेलं बरं.

जाता जाता, मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक. या एडिटरमध्ये देवनागरी टाईप केलं किंवा पेस्ट केलं की प्रश्नचिन्हं दिसतात, कारण हा एडिटर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांमधल्या अक्षरांना नंबर द्यायची पद्धत, धरत नाही. व्हायरस वगैरे काही नाही. देवनागरी अक्षर कोडमध्ये द्यायचं तर त्याचा युनिकोड नंबर द्यावा लागतो, जसं की "अ" चा २३०९.

फाईलीतले सगळेच मॅक्रो एका झटक्यात

डॉकएम फाईल आलीये आणि तुम्हाला फक्त मजकूर हवाय, मॅक्रो एकही नको, तर हे सगळं खोदकाम करायची गरजच नाही. फाईल, सेव्ह ॲज, प्रकार निवडताना साधं वर्ड डॉक्युमेंट म्हणजे डॉकएक्स निवडा. वर्ड सांगेल की यात व्हीबी प्रोजेक्ट सेव्ह होणार नाही, तरी पुढे जाऊ का, होय म्हणा. ती फाईल बंद करून परत उघडा, आतला कोड गेलेला असेल. प्रोजेक्टला पासवर्ड असेल आणि एडिटरमध्ये काहीच दिसत नसेल तरी हा उपाय चालतो, कारण कोड बघायची गरजच पडत नाही. फक्त मूळ डॉकएम लगेच पुसू नका, फाईलीत बटणं किंवा फॉर्म असतील तर त्यांच्यामागचा कोड गेल्यावर ती मुकी होतात, ते बघूनच ठरवा.

काही जण नुसतं फाईलचं नाव बदलून एम चा एक्स करतात. त्याने काही होत नाही, वर्ड ती फाईल उघडायलाच नकार देतं. सेव्ह ॲजच करायचं.

फाईल न उघडता आत मॅक्रो आहे का ते बघायचंय? डॉकएम फाईल ही आतून झिप फाईलच असते. तिची कॉपी करा, कॉपीचं एक्स्टेन्शन झिप करा, उघडा, आत वर्ड नावाचा फोल्डर असेल, त्यात व्हीबीएप्रोजेक्ट डॉट बिन अशी फाईल दिसली तर मॅक्रो आहेत. तिथून ती फाईल हाताने काढायच्या भानगडीत पडू नका, डॉक्युमेंट मोडतं, हे फक्त बघण्यापुरतं. जुन्या डॉक फाईलींना ही युक्ती लागू नाही, त्या झिप नसतात.

नॉर्मल नव्याने

नॉर्मलच इतकं घाण झालंय की एकेक काढत बसण्यात अर्थ नाही, असं असेल तर वर्ड बंद करा (आउटलुकही बंद करा, कारण मेल लिहिताना तेही वर्डच वापरतं), वर सांगितलेल्या टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये जा आणि नॉर्मल डॉट डॉटएमचं नाव बदला, नॉर्मल जुनं असं काहीतरी. डिलीट नको, नाव बदला. वर्ड उघडलं की नसलेलं नॉर्मल ते स्वतः नवीन कोरं बनवतं. मग जुन्यातलं जे हवं ते, स्टाईल्स, चांगले मॅक्रो, ऑर्गनायझरने निवडून नव्यात आणा. माझ्या वेळी मला हे माहीत असतं तर!

तरीही परत येतोय

मग स्टार्टअप बघा. त्याच ॲपडेटामधून मायक्रोसॉफ्ट, वर्ड, स्टार्टअप. इथे डॉटएम किंवा जुनी डॉट फाईल पडलेली असेल तर वर्ड बंद करून ती तिथून दुसरीकडे हलवा आणि परत वर्ड उघडा. मॅक्रो गायब झाला म्हणजे चोर सापडला. हेच वर्डच्या आतून बघायचं तर फाईल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली मॅनेजमध्ये टेम्प्लेट्स निवडून गो. जी खिडकी येते तिच्यात दोन गोष्टी एकदमच दिसतात: वर या डॉक्युमेंटला कुठलं टेम्प्लेट जोडलंय ते, आणि खाली लोड झालेली ग्लोबल, म्हणजे सगळ्या डॉक्युमेंटना लागू असलेली, टेम्प्लेटं, त्यांच्यासमोरची टिक काढून बघता येतं. वर अनोळखी नाव किंवा इंटरनेटचा पत्ता दिसला तर तो पुसून फक्त नॉर्मल लिहा, ओके करा, डॉक्युमेंट सेव्ह करा. डॉकएक्स असूनही मॅक्रोची सूचना येते त्यामागे हेच असू शकतं.

दोष नक्की मॅक्रोचाच आहे का हेही आधी ठरवता येतं. रनच्या खिडकीत विनवर्ड, मग स्पेस, मग तिरकी रेघ आणि ए, असं इंग्रजीत टाईप केलं की वर्ड ॲड-इन आणि नॉर्मलसकट सगळी ग्लोबल टेम्प्लेटं बाजूला ठेवून उघडतं. तसं उघडल्यावर त्रास थांबला तर कारण यांच्यातच आहे, नाही थांबला तर दुसरीकडे शोधा, उगाच मॅक्रो उडवत बसू नका.

मागे उरलेली बटणं

मॅक्रो गेला तरी त्याचं वर टूलबारवर ठेवलेलं बटण आपोआप जात नाही. दाबलं की मॅक्रो सापडत नाही असा निरोप येतो आणि लोकांना वाटतं काहीतरी मोडलं. त्या बटणावर राईट क्लिक करून रिमूव्ह म्हणा. रिबनमधलं असेल तर फाईल, ऑप्शन्स, कस्टमाईझ रिबन मधून काढा.

दुसऱ्याकडून आलेल्या फाईली

मॅक्रो असलेली फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येते, मॅक्रो बंद केलेत असं सांगणारी, आणि तिच्यावर एनेबल कन्टेंट असं चालू करायचं बटण असतं. आता तिच्याबद्दल. फाईल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज इथे चार पर्याय असतात: सगळे बंद आणि सांगायचंही नाही, सगळे बंद पण सांगायचं, डिजिटल सही असलेले सोडून बाकी बंद, आणि सगळे चालू. मुळात दुसरा पर्याय निवडलेला असतो आणि तोच राहू द्या. एखादा मॅक्रो चालत नाही म्हणून चौथा निवडायचा आणि मग तसाच विसरून जायचं, हे मी खूप बघितलंय, आणि ते खरंच करू नका. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा व्हायरस आला तो वर्डच्या फाईलीतला मॅक्रोच होता, फाईल उघडली की आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा, आणि नॉर्मल टेम्प्लेटमध्येही शिरायचा, म्हणजे त्यानंतर तुम्ही हात लावलेली प्रत्येक फाईल बाधित. त्याआधी १९९५ मध्ये कॉन्सेप्ट नावाचा व्हायरसही असाच वर्डमधून पसरला होता. मुद्दा जुना असला तरी रस्ता तोच आहे.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींमधले मॅक्रो थेट अडवायला सुरुवात केली, तेव्हा पिवळीऐवजी लाल पट्टी येते आणि तिच्यावर चालू करायचं बटणच नसतं. फाईल खात्रीच्या माणसाची असेल, त्याने ती पाठवलीये हे तुम्ही त्याला विचारून घेतलं असेल, तरच फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि खाली अनब्लॉकवर टिक. "फाईल बघायची तर आधी एनेबल कन्टेंट दाबा" असं डॉक्युमेंटच्या आत चित्र टाकून सांगितलं असेल तर ती फाईल सरळ बंद करा, मजकूर वाचायला मॅक्रोची गरज कधीच नसते.

आणि पूर्वी एकदा एनेबल केलेली फाईल वर्ड लक्षात ठेवतं, परत विचारत नाही. ही यादी पुसायची तर ट्रस्ट सेंटरमध्येच ट्रस्टेड डॉक्युमेंट्स, तिथे क्लिअर. घरातला कॉम्प्युटर तीन-चार जण वापरत असतील तर अधूनमधून करत जा. ट्रस्टेड लोकेशन्सही उघडून बघा, तिथे डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप कुणी घालून ठेवला असेल तर ताबडतोब काढा, कारण त्या फोल्डरमधल्या फाईलींना वर्ड काहीच विचारत नाही.

लिब्रेऑफिस वापरत असाल तर

वर्डसारखंच काम करणारं हे मोफत सॉफ्टवेअर, तिथे टूल्स, मॅक्रोज, ऑर्गनाईझ मॅक्रोज, बेसिक असं जायचं. डावीकडे माय मॅक्रोज म्हणजे तुमचे, लिब्रेऑफिसचे स्वतःचे वेगळे, आणि उघडलेल्या डॉक्युमेंटचे वेगळे. पत्ता बघायची गोष्ट इथेही तीच. मॅक्रो निवडा, डिलीट. स्टँडर्ड नावाची लायब्ररी निघत नाही, तिच्या आतले मॉड्यूल काढता येतात. एक फरक नीट समजून घ्या, ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसच्या नेहमीच्या डॉक्युमेंट फाईलीत मॅक्रो असला तरी एक्स्टेन्शन बदलत नाही, त्यामुळे नावावरून काहीच कळणार नाही. सुरक्षेची पातळी टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी, मॅक्रो सिक्युरिटी इथे, चार पातळ्या असतात, हायच्या खाली आणू नका.

जे ठेवायचेत ते

सगळं काढलंत, आता चार-पाच कामाचे मॅक्रो उरले असतील. ते नॉर्मलमध्येच ठेवू नका असं माझं मत आहे, नॉर्मल कधीही खराब होऊ शकतं. एक कोरं डॉक्युमेंट घ्या, सेव्ह ॲज करून मॅक्रो चालणारं टेम्प्लेट म्हणजे डॉटएम प्रकार निवडा, नाव "माझे मॅक्रो" वगैरे, आणि ऑर्गनायझरने ती पेटी त्यात कॉपी करा. न्यूमॅक्रोज हे नाव बदलून ओळखू येईल असं काहीतरी इंग्रजीत ठेवा, नावात स्पेस चालत नाही. ही फाईल स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका, वर्ड बंद करून परत उघडा, मॅक्रो सगळीकडे दिसतायत याची खात्री करा, आणि मगच नॉर्मलमधली जुनी पेटी काढा, नाहीतर एकाच नावाचे दोन मॅक्रो दोन ठिकाणी राहतात आणि तुम्ही एक सुधारत बसता, चालतो मात्र दुसराच. कॉम्प्युटर बदलला तर ही एकच फाईल सोबत न्यायची. आणि प्रत्येक मॅक्रोच्या सुरुवातीला एक ओळ लिहून ठेवा, काय करतो, कधी केला. एडिटरमध्ये ओळीच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह दिलं की ती ओळ कोड म्हणून चालत नाही, नुसती टीप राहते. रोमन लिपीतच लिहावी लागेल ती, देवनागरीची तिथे प्रश्नचिन्हं होतात हे वर सांगितलंच आहे.